प्रिन्स ऑफ पर्शिया आजच्या मुलांसाठी पुन्हा उभा करायचा, तर त्यातलं काय राखायचं?

पारवा | शनिवार, रात्री १०:१२

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता. वय बारा. दिवसभर मोबाइलवर काही ना काही खेळत होता, म्हणून हौसेने लॅपटॉपवर जुना प्रिन्स ऑफ पर्शिया लावून दिला. त्याने उजवीकडचा बाण दाबला. राजपुत्र पळत सुटला, भाच्याने बोट उचललं, तरी दोन पावलं घसरत पुढे गेला आणि खाली काट्यांवर पडला. असं चार-पाच वेळा झालं. मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवून म्हणाला, "मामा, हा ऐकतच नाही."

ते वाक्य डोक्यातून जात नाही. कारण खरंच आहे, तो ऐकत नाही. आणि मला वाटतं सगळा खेळ त्या न ऐकण्यातच आहे.

माझी पहिली भेट १९९५ची, साताऱ्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासमधली. बेसिक आणि वर्डस्टार शिकायला जायचो. शनिवारी शेवटची पंधरा मिनिटं सर गेम लावू द्यायचे. एका मशीनसमोर चौघं. एक बाणांवर, एक शिफ्टवर, बाकीचे दोघं ओरडायला. शिफ्ट कधी सोडायचा हे ओरडणाऱ्यांनी ठरवायचं. पडकी फरशी पायाखाली थरथरायची तेव्हा स्पीकरमधून जो खडखडाट यायचा, तो ऐकून आजही माझं बोट आपोआप आखडतं. "प्रिन्स मेगाहिट" असं टाइप करून गेम उघडला की लेव्हल ओलांडता येते, हे कुणीतरी कोल्हापूरहून शिकून आलं होतं. त्या पोराला महिनाभर समोशाचे पैसे द्यावे लागले नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जॉर्डन मेकनरने हा खेळ अ‍ॅपल-टू या कॉम्प्युटरवर लिहिला, ब्रॉडरबंड कंपनीने १९८९ मध्ये बाजारात आणला. डॉसवर, म्हणजे तेव्हाच्या साध्या पीसींवर, तो पुढच्या वर्षी आला. वजीर जाफरने राजकन्येला तासाभराची मुदत दिलेली, लग्न किंवा मरण. आपण तळघराच्या कोठडीत. साठ मिनिटांत वरपर्यंत पोचायचं. मेलो तर लेव्हल पुन्हा सुरू होते, पण घड्याळ मागे येत नाही.

१९९३ ला दुसरा भाग आला. १९९९ ला थ्रीडी झाला. २००३ ला युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओचा 'सँड्स ऑफ टाइम' आला आणि मालिकेला नवा जन्म मिळाला, पण तो वेगळ्याच अंगाचा खेळ होता. बाजूने दिसणारा, डावीकडून उजवीकडे जाणारा राजपुत्र बराच काळ मागे पडला. तो थेट जानेवारी २०२४ ला 'द लॉस्ट क्राउन'मध्ये परतला. त्याच वर्षी मे महिन्यात 'द रोग प्रिन्स ऑफ पर्शिया'ही आला.

दोन्ही खेळलो. दोन्ही आवडले. तरी मनात एक प्रश्न आहे. असा खेळ पुन्हा उभा करताना नेमकं काय सांभाळायचं? पगडी, तलवार, काटे हे सगळं तर कुणीही आणेल. माझ्या मते सांभाळायचं ते पावलाचं वजन. उडी मारायच्या आधी पोटात जो गोळा यायचा, तो. तो नसेल तर नाव काहीही द्या, माझ्यासाठी तो प्रिन्स नाही.

तुम्हाला काय वाटतं? खेळलेल्यांनी लिहाच, पण ज्यांची मुलं आज खेळतायत त्यांनी जास्त लिहा.

झुंबर | शनिवार, रात्री १०:४०

धागा वाचून एकदम क्लासच्या चपलांच्या रॅकपाशी जाऊन पोचले!

आमच्याकडे मॉनिटर ब्लॅक अँड व्हाइट होता. त्यामुळे लाल बाटली कुठली आणि निळी कुठली ते कळायचंच नाही. लाल प्याली की एक जीव भरून येतो, निळी प्याली की जातो. आम्हाला दोन्ही राखाडी. मग आम्ही वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक लेव्हलचा नकाशा काढून बाटल्यांवर फुल्या मारल्या होत्या. ती वही माझ्या ताईकडे अजून आहे. ज्या बाटल्यांवर फुली, त्या प्रत्येकीच्या मागे कुणीतरी एकदा मेलेलं आहे.

पावलाच्या वजनाबद्दल १००% सहमत.

रेघोटी | रविवार, सकाळी ८:०५

मी अ‍ॅनिमेशनमध्ये काम करते, त्यामुळे "ऐकत नाही" याचं कारण जरा खोलात सांगते. कारण ते तंत्रात आहे.

मेकनरला चित्रं काढून माणूस पळवता येईना. म्हणून १९८५ मध्ये त्याने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून एका पार्किंगच्या जागेत पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं आणि व्हिडिओ काढला. मग टीव्हीवर तो व्हिडिओ थांबवून थांबवून साध्या कॅमेऱ्याने फोटो घेतले. फोटोंवर काळ्या मार्करने आणि पांढऱ्या शाईने बाह्यरेषा गडद केली, त्यांच्या झेरॉक्स काढल्या आणि त्या आकृत्या कॉम्प्युटरमध्ये घेतल्या. याला रोटोस्कोपिंग म्हणतात. तलवारबाजीसाठी १९३८च्या रॉबिनहूडच्या चित्रपटातलं शेवटचं द्वंद्व वापरलं, कारण तिथे दोघंही लढवय्ये कॅमेऱ्याला बाजूने दिसतात.

आता यातून काय झालं बघा. मारिओ हवेत असतानाही तुम्ही त्याला मागे वळवू शकता. खऱ्या माणसाला ते जमत नाही. राजपुत्राची उडी म्हणजे त्या भावाची उडी. एकदा सुरू झाली की तिची सगळी चित्रं क्रमाने पूर्ण झालीच पाहिजेत. पळायला लागला की थांबताना दोन पावलं घसरणार, कारण तो मुलगा पार्किंगमध्ये तसाच घसरत थांबला असणार. आपण बटण दाबून हुकूम सोडत नाही, एका शरीराला विनंती करतो, आणि ते शरीर आपल्या वेळेने ती पाळतं.

म्हणून पारवा, तुमच्या भाच्याचं निरीक्षण फार नेमकं आहे. मी विद्यार्थ्यांना दर वर्षी ही पळापळ एकेक चित्र थांबवून दाखवते. खांदा आधी झुकतो, मग पाय उचलतो. कमी रंगांत, एवढ्याशा आकृतीत ते दिसतं. डोळे भरून येतात, खरं सांगते.

चांदणचुरा | रविवार, सकाळी १०:३१

मी विरुद्ध बाजूने लिहिते.

मुलगी अकरा वर्षांची आहे. आम्ही दोघींनी मिळून लॉस्ट क्राउन पूर्ण केला, जवळजवळ दोन महिने लागले. रोज जेवणं झाली की अर्धा तास. त्यात नायक राजपुत्र नाहीच, सारगोन नावाचा तरुण योद्धा आहे आणि पळवून नेलेल्या राजपुत्राला शोधत तो काफ पर्वतावर जातो. पहिल्या दिवशी मलाही वाटलं होतं की हा फारच चपळ आहे, भिंतीवरून भिंतीवर जातो, हवेतच झेप घेतो. पण पुढे गेल्यावर अशा जागा येतात की काट्यांच्या मधून एका श्वासात सहा हालचाली कराव्या लागतात. माझी मुलगी तिथे कंट्रोलर धरून उभी राहायची, बसून जमायचंच नाही तिला. पोटातला गोळा म्हणता ना, तो तिच्याही पोटात होता. आपला उडीच्या आधी यायचा, तिचा उडी मारून झाल्यावर, हवेत असताना.

आणि एक गोष्ट त्यांनी इतकी सुंदर केली आहे की ती जुन्या खेळात असायला हवी होती. वाटेत एखादं बंद दार दिसलं, आता उघडत नाही, की तिथला फोटो काढून नकाशावर टाचून ठेवता येतो. पुढे नवी शक्ती मिळाली की फोटो बघून परत यायचं. झुंबर, तुमची ती वहीच आहे ही! फक्त खेळाच्या आत आणून ठेवली. हा युबिसॉफ्टचा मोंपेलिएचा स्टुडिओ, रेमन ओरिजिन्स हा खेळ करणारा. बाजूने दिसणाऱ्या खेळात त्यांचा हात आधीपासून बसलेला होता, ते जागोजागी कळतं.

मला राग एकाच गोष्टीचा आहे. एवढा चांगला खेळ केल्यावर त्या लोकांना दुसऱ्या भागासाठी एकत्र ठेवायला हवं होतं. त्याच वर्षी त्यांना वेगवेगळ्या कामांवर पाठवून दिलं. आपण इथे काय राखायचं यावर बोलतोय, मी म्हणते आधी करणारे हात राखा.

पारवा | रविवार, सकाळी ११:१५

@चांदणचुरा, फोटो आणि वहीचा संबंध माझ्या लक्षातच आला नव्हता. मी ते फोटो शेवटपर्यंत वापरलेच नाहीत, कागदावर लिहीत बसलो होतो. आणि हातांबद्दल बोललात ते अगदी पटलं.

कोरडवाहू | रविवार, दुपारी ३:२०

माझं मत थोडं कडक आहे. पुन्हा उभा करू नका. तो पडलेलाच नाही.

२०१२ मध्ये मेकनरच्या वडिलांना घरात जुन्या फ्लॉप्यांचा खोका सापडला. त्यात अ‍ॅपल-टू वरच्या खेळाचा मूळ सोर्स कोड होता. जाणकार मंडळींनी बसून तो त्या जुन्या डिस्कांवरून उतरवला आणि मेकनरने एप्रिलमध्ये गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर सगळ्यांसाठी ठेवून दिला. मी तो प्रिंट काढून वाचलाय. असेंब्ली भाषा, म्हणजे थेट प्रोसेसरच्या पातळीवरचे हुकूम, त्यामुळे आठवडे गेले. शिवाय हौशी लोकांनी डॉसची आवृत्ती उलगडून 'एसडीएल-पॉप' तयार केलंय, ते आजच्या कुठल्याही मशीनवर चालतं. पारवा यांनी बहुधा तेच लावलं असेल. त्यात हवं तिथे सेव्ह करता येतं, लोकांनी बनवलेल्या नव्या लेव्हल टाकता येतात, सेटिंग्जच्या फाइलमध्ये साठच्या जागी हवी तितकी मिनिटं लिहिता येतात. खेळ जिवंत ठेवायचा म्हणजे हे. मोठ्या कंपनीची वाट कशाला बघायची?

कोड वाचताना जी गोष्ट सगळ्यात जास्त लागली ती सांगतो. छाया.

चौथ्या लेव्हलला दार उघडलं की वाटेत आरसा उभा राहतो. दुसरी वाट नाही, पळत येऊन आरशातून उडी मारायची. आपण इकडून पार होतो आणि आपली छाया तिकडून बाहेर पडून पळून जाते. आपल्याकडे एकच जीव उरतो. पुढच्या लेव्हलला ती आपल्या डोळ्यांदेखत आपली बाटली पिऊन टाकते. त्याच्या पुढच्या लेव्हलला दार आपल्या तोंडावर बंद करते आणि आपण खाली पडतो.

ही छाया आली कुठून? मेमरी संपली म्हणून. अ‍ॅपल-टू मध्ये राजपुत्राच्या हालचालींनीच इतकी जागा खाल्ली होती की दुसरा कुणी शत्रू मावेना. मेकनरला तर लढाईच नको होती, पण सोबतची मैत्रीण रोज मागे लागली होती की लढाई हवीच. मग सुचलं की राजपुत्राचीच चित्रं घ्यायची, एका पिक्सेलने सरकवून एक्सऑर करून उमटवायची, म्हणजे दोन चित्रं जिथे वेगळी तिथेच ठिपका ठेवायचा. नवीन चित्र एकही नाही, आणि पडद्यावर एक चमचमणारी भुताटकी आकृती तयार. जागा नव्हती म्हणून नायकच स्वतःचा शत्रू झाला! पुढे त्याने जागा करून पहारेकरीही बसवले, पण खेळाचा आत्मा ही छायाच.

बाराव्या लेव्हलला ती तलवार उपसून समोर येते. तिला मारलं की आपण मरतो. तलवार म्यान करून तिच्याकडे चालत जायचं, मग दोघं एक होतात. ही गोष्ट खेळात कुठेही लिहिलेली नाही. आम्हाला नांदेडला हे कळायला दीड वर्ष लागलं. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी माझा मित्र खुर्चीवरून उठून बाहेर जाऊन उभा राहिला होता, काही न बोलता.

नव्या खेळात बजेट आहे, शंभर शत्रू आहेत. अशी गोष्ट त्यातून कशी निघणार?

रेघोटी | रविवार, दुपारी ४:०२

कोरडवाहू, काय सुंदर लिहिलंय. पण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लॉस्ट क्राउनमध्ये आहे असं मला वाटतं. तिथे सारगोनला एक शक्ती मिळते, सीमुर्गाची (इराणी पुराणकथांतल्या महापक्ष्याची) छाया. एका जागी आपली छाया ठेवायची, पुढे जायचं आणि बटण दाबलं की क्षणात छायेच्या जागी परत. कोडी याच्यावरच उभी आहेत. पस्तीस वर्षांपूर्वीची छाया आपल्यापासून सुटून पळाली होती, इथे आपणच तिला मागे ठेवून जातो. हे करणाऱ्यांनी जुना खेळ नुसता पाहिलेला नाही, तो त्यांच्या अंगात मुरलेला आहे. मी ती शक्ती पहिल्यांदा वापरली तेव्हा मला चौथ्या लेव्हलचा आरसाच आठवला.

मधला_बाक | रविवार, संध्याकाळी ६:४८

अवांतर आहे, कारण हा थ्रीडी खेळ, पण पुन्हा उभं करण्याचा विषय निघालाय म्हणून लिहितो.

सप्टेंबर २०२० मध्ये सँड्स ऑफ टाइमच्या रीमेकची घोषणा झाली आणि करणारे स्टुडिओ होते युबिसॉफ्टचे पुणे आणि मुंबई. मी त्या कंपनीत नव्हतो, पुण्यातच दुसरीकडे गेमचं टेस्टिंग करायचो. आमच्या खोलीत त्या रात्री सहाजण ट्रेलर बघत होतो. पुणे हे नाव ऐकून छाती फुगली होती. दुसऱ्या दिवसापासून जगभरातून चित्रांच्या दर्जावर इतकी टीका झाली की बघवेना. जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मार्चची बेमुदत पुढे गेली, आणि मे २०२२ ला काम माँट्रियलकडे परत गेलं.

मला त्यात एक शिकण्यासारखं दिसतं. लोकांच्या आठवणीतला खेळ हा प्रत्यक्ष खेळापेक्षा नेहमी जास्त सुंदर असतो. २००३ चा खेळ आज उघडून बघा, चेहरे कसे आहेत ते. पण आठवणीत ते तसे नाहीत. जुन्या खेळावर काम करणाऱ्याची स्पर्धा त्या आठवणीशी लागते. लॉस्ट क्राउनने नवा नायक घेतला, नवी गोष्ट घेतली, म्हणून त्याला श्वास घ्यायला जागा मिळाली असं माझं स्पष्ट मत आहे.

उत्तरायण | सोमवार, पहाटे ५:१०

टोरांटोहून. आमच्या शेजारचं कुटुंब शिराझचं आहे. त्यांच्या मुलाने लॉस्ट क्राउन फारसीत लावला तेव्हा त्याची आजी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि खेळ संपेपर्यंत सोफ्यावर बसून राहिली. इतकी वर्षं पर्शियाचं नाव लावून फिरणाऱ्या मालिकेत फारसी आवाज पहिल्यांदा याच खेळात आला. सीमुर्ग म्हणजे काय हे तिने आम्हाला सांगितलं, शाहनामा या फारसी महाकाव्यातल्या झाल आणि रुस्तुमच्या गोष्टींसकट. मला मध्येमध्ये जमीन, दरवाजा, शमशेर असे आपलेच शब्द कानावर पडल्यासारखे वाटत होते. मराठीत ते तिकडूनच आलेत.

जुना खेळ अरबी सुरस गोष्टींच्या ढंगाचा होता. नव्याने ज्यांची ती गोष्ट आहे त्यांच्या तोंडी ती दिली. माझ्या यादीत पावलाच्या वजनाच्याही आधी हे येईल.

नीरा_ | सोमवार, सकाळी ९:२६

मी जुना खेळ कधीच पूर्ण करू शकले नाही आणि त्याचं दुःख मला आजही आहे. उजव्या हाताची बोटं लहानपणापासून नीट वळत नाहीत. शिफ्ट धरून बाण दाबायचा हे माझ्यासाठी दोन हातांचं काम. चौघांत मी कायम ओरडणारी.

लॉस्ट क्राउनमध्ये एक सोय आहे. अवघड उड्यांच्या ठिकाणी एक द्वार उघडतं, त्यातून पलीकडे जाता येतं. हवी तेव्हा सुरू करा, हवी तेव्हा बंद. शत्रूंचा मार कमी-जास्त करता येतो. बटणं बदलता येतात. मी ती द्वारं एकूण सात ठिकाणी वापरली आणि खेळ शेवटपर्यंत नेला. एक्केचाळिसाव्या वर्षी.

पावलाचं वजन राखा असं म्हणताना ते पाऊल कुणाला टाकता येतं हेही बघा, एवढंच सांगायचं आहे. ते वजन काढून टाका असं मी मुळीच म्हणत नाही. मलाही ते हवं होतं.

पारवा | सोमवार, रात्री ९:५०

नीरा, तुमचा प्रतिसाद दुपारी वाचला आणि आमच्या क्लासमधला एक मुलगा आठवला. तोही कायम मागे उभा असायचा. आम्ही त्याला कधी विचारलंच नाही. धागा काढताना माझ्या डोक्यात फक्त मी आणि माझी बोटं होती, ते चूक होतं.

साठ मिनिटांचं काय करायचं ते आता मला थोडं कळतंय. १९९२ च्या सुपर निन्टेंडोवरच्या आवृत्तीत लेव्हल वीस केल्या आणि वेळ दुप्पट केला, एकशेवीस मिनिटं. म्हणजे घड्याळाला हात लावायला तेव्हाही कुणी घाबरलं नव्हतं. घड्याळ असू दे, पण ज्याचं त्याला लावता येऊ दे. उडी मात्र तशीच हवी, एकदा मारली की मारली. आणि कोरडवाहूंच्या छायेसारखी, न सांगितलेली एक तरी गोष्ट हवी, जी शाळेच्या मधल्या सुट्टीत एकाने दुसऱ्याला कानात सांगावी.

कोरडवाहू, तुम्ही सांगितलेली फाइल उघडून साठचे नव्वद केले आणि काल भाच्याच्या घरी तेच बसवून आलो. शिफ्ट धरून एकेक पाऊल कसं टाकायचं, राजपुत्र फरशीच्या कडेपाशी येऊन कसा आपणहून थांबतो, एवढं दाखवलं. दुसरं काही नाही.

आत्ता त्याचा मेसेज आलाय: "मामा तिसऱ्या लेव्हलचा सांगाडा मरतच नाही. किती वेळा मारला."

झुंबर | सोमवार, रात्री १०:०३

सांगू नका त्याला!! खड्डा तिथेच आहे, त्याला दिसेल.